दोन सूत जास्त

आमच्या घराला खाली एकच खोली आहे आणि तिच्यात गाडी राहायची. माणसं वर राहायची. ती खोली पूर्वी लाकडाची वखार होती, म्हणून तिला रस्त्याच्या बाजूने दोन फळ्यांचं मोठं दार आहे आणि मागे छोटं अंगण, नळ, न्हाणीघर. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मधे जिना. जिना उभा आहे, वळण न घेता थेट वर जातो. कठडा एकाच बाजूला, तोही हलतो. तरुणपणी मी त्या जिन्यावरून पाण्याच्या बादल्या, लेकीचा पाळणा, धान्याची पोती, काय काय वर नेलं. तेव्हा पायऱ्यांकडे लक्षच जायचं नाही. आता दुसऱ्याच पायरीवर थांबून वर बघावं लागायचं, की अजून किती राहिल्यात.

डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "आजी, जिना बंद." जसा काही तो नळच आहे.

"मग राहू कुठे?" मी विचारलं.

"खाली एखादी खोली असेल ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होते.

ह्यांनी सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये काढली. स्टुलावर बसायचं, जाळीचं दार ओढायचं, कळ दाबायची, मजला सांगायचा. चार माणसं शिरली की पाचव्याने श्वास रोखून धरायचा, एवढीच ती पेटी. मी एकदा बोलून गेले होते, की लोकांना जन्मभर वर पोचवलंत, बायकोच्या नशिबी मात्र जिना. त्यावर हे म्हणाले होते, "लिफ्ट घरी आणता येत नाही." गाडी मात्र आणता आली.

त्या पेटीत बसून बसूनच ह्यांना लांब गाडीचं वेड लागलं असावं, असं माझं मत आहे. कचेरीसमोर एक हॉटेल होतं. त्याच्या दारात एक अमेरिकन गाडी उभी असायची, पन्नासच्या दशकातली. वरून सायीच्या रंगाची, खालून फिकट हिरवी. तोंडावर क्रोमची चकचकीत जाळी आणि मागे दोन्ही बाजूंना उभे पंख. माशाच्या शेपटीसारखे म्हणा, विमानासारखे म्हणा. टोकाला लाल दिवे. त्या काळी तिकडे म्हणे असेच पंख लावायचे, या वर्षीचे गेल्या वर्षीपेक्षा उंच. कशाला, असं मी विचारलं, तर हे म्हणाले, "कशाला म्हणजे? दिसतात बघ कसे." पुढे अशा गाड्यांच्या नादाची बरीच मंडळी आमच्याकडे यायला लागली. प्रत्येकाला विचारून बघितलं. याहून वेगळं उत्तर कोणाकडेच नाही.

हॉटेल बंद पडलं तेव्हा ती गाडी कोणालाच नको होती. पेट्रोल पिते, गल्लीत वळत नाही, आणि डावा पंख मालवाहू गाडीखाली येऊन चेपलेला. भंगारवाला पोचायच्या आत हे पोचले. ती ढकलत ढकलत घरी आली तेव्हा मी वरच्या खिडकीत लेकीला कडेवर घेऊन उभी होते. मला वाटलं, आठवडाभरासाठी आली असेल.

माझा धाकटा भाऊ डेंटर आहे. म्हणजे गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून पूर्ववत करतो. त्याला सगळे ठोक्या म्हणतात, तोही ठोक्या म्हटल्यावरच ओ देतो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दाजी, एक पंख शाबूत आहे ना, मग काळजी कसली? याच्यावरून तो करू." उजव्या पंखाला त्याने वर्तमानपत्र चिकटवलं, कडेने कोळसा घासून आकार उमटवला, कागद उलटा केला आणि त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला. फर्म्यावरून पत्रा. असा बेमालूम पंख झाला, की हॉटेलचा जुना दरवान बघायला आला आणि त्याला चेपलेला कुठला होता ते ओळखता येईना.

मग दर रविवारी सकाळी खाली मैफल. एक चष्म्याचा दुकानदार, एक निवृत्त पोस्टमन, एक बँकेतला, आणि हे. दार सताड उघडं, गाडी मधे, आणि हे चौघं तिच्याभोवती स्टुलांवर. बोलणं एकच. कुठल्या वर्षीचे पंख उंच, कुठल्या वर्षी जुळे दिवे आले, कुठल्या वर्षी जाळी रुंद झाली. त्यांतल्या एकाही गाडीत त्यांतला एकही जण बसलेला नव्हता, आमची सोडून. चहा वरून खाली मीच न्यायची. पोस्टमन म्हणायचे, "वहिनी, तुमचं नशीब. घरात अशी गाडी." मी कपबश्या गोळा करून वर जायची.

गाडी महिन्यातून एकदा बाहेर निघायची. आणि दरवेळी कुठेतरी लागायची. दूधवाल्याच्या टेम्पोने उजवा पंख चेपला. ठोक्याने डाव्यावरून उजवा केला. पुढे ह्यांनीच ती मागे घेताना दाराच्या चौकटीवर डावा आपटला. ठोक्याने उजव्यावरून डावा केला. शेजाऱ्यांचं फाटक, विजेचा खांब, पुन्हा दाराची चौकट. एकदा हा, एकदा तो. दरवेळी वर्तमानपत्र, कोळसा, पुठ्ठा. ठोक्या त्याच्या गॅरेजचं काम सोडून यायचा आणि मजुरीचा विषय काढला तर म्हणायचा, "ताईच्या हातचं जेवतो, ती मजुरी." म्हणजे तीही मजुरी माझ्याकडूनच.

या सगळ्यात माझं एकच म्हणणं होतं, आणि ते कोणी ऐकलं नाही. माझं म्हणणं, गाडी वाढते आहे.

पहिल्यांदा ती आत आली तेव्हा दार लावल्यावर गाडी आणि दाराच्या मधे माझा हात सहज जायचा. मी त्या फटीतून केरसुणी फिरवायची. काही वर्षांनी केरसुणी जाईना. मग दार लागेना, ढकलून लावावं लागे. मग दाराच्या फळ्या एकमेकींना भेटेनात, आणि हे त्यांना दोरी बांधायला लागले. रोज संध्याकाळी खाली जाऊन दोरी, रोज सकाळी सोडायची.

"अहो, ही गाडी वाढते आहे," मी म्हणाले.

"गाडी वाढत नसते," हे म्हणाले. "लाकूड फुगतं. दमट हवा."

"उन्हाळ्यातही?"

"उन्हाळ्यात आकसतं, मग वाकडं होतं."

रविवारच्या मंडळींना तर ती गंमतच झाली. चष्मेवाले आले की विचारायचे, "काय वहिनी, किती वाढली या आठवड्यात? खायला काय घालता?" ठोक्यासुद्धा हसायचा. मीही पुढे सोडून दिलं. घरात पुरुष जास्त असले की दार फुगतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तर डॉक्टरांनी जिना बंद केला आणि मी वर अडकले. खाली उतरणं नाही, अंगण नाही, दारात कोण आलं ते खिडकीतून बघायचं. लेक दूरच्या शहरात असते. ती फोनवर रोज म्हणायची, "बाबा, आता तरी ती गाडी काढा आणि आईचा पलंग खाली घ्या." हे म्हणायचे, "हो, बघू." बघू म्हणजे काय ते लेकीलाही माहीत होतं.

मग तिनेच शोधून काढलं. कुठल्याशा शहरात जुन्या गाड्यांचं संग्रहालय होतं आणि त्यांना याच सालची, याच बनावटीची गाडी हवी होती. गाडी कायम तिथे राहणार, काचेच्या दालनात, शेजारी देणाऱ्याच्या नावाची पाटी. अट एकच. गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी. रंग पुन्हा दिलेला चालेल, पण आकार मूळचा पाहिजे.

पाटीचं ऐकून हे जरा पाघळले. भंगारात जाणार नाही, विकलीही जाणार नाही, दिव्याखाली उभी राहणार. दोन दिवस गाडी पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "त्यांना म्हणावं, या बघायला. मूळची म्हणजे काय ते आमच्या गाडीकडे बघून शिका म्हणावं. नखभर फरक सापडणार नाही."

मी मनात पलंग लावून बघितला. डोकं अंगणाच्या बाजूला, पाय दाराकडे. सकाळी उठून स्वतःच्या पायांनी नळापर्यंत. एवढंच हवं होतं.

पुढचे आठवडे खालून फक्त घासण्याचे आवाज. हे आणि ठोक्या. ठोक्याचेही हात आता थरथरतात. हातोडी धरली की थरथर थांबते, सोडली की पुन्हा सुरू. क्रोम घासलं, काचा घासल्या, सीटचे टाके नवे घातले. मी वरून विचारायची, "झालं का?" खालून उत्तर यायचं, "झालंच."

संग्रहालयाची तपासनीस आली त्या दिवशी मी खाली उतरायचं ठरवलं. एकेका पायरीवर बसत, मूल घसरगुंडीवरून उतरतं तशी. हे म्हणाले, "अगं, वरून बघ की खिडकीतून." मी म्हटलं, "माझ्या खोलीचा निकाल आहे. मी खालीच बसणार."

तपासनीस तिशीतली बाई होती. केस आखूड, हातात पातळ हातमोजे, खांद्यावर पिशवी. पिशवीत फीत, आरसा, बॅटरी आणि कारखान्याच्या जुन्या मापांचे कागद. सगळ्यांना काका, काकू करून बोलत होती. आधी बॉनेट उघडून खाली वाकली. मग जमिनीवर आडवी होऊन गाडीखाली गेली. हे माझ्याकडे बघून मान हलवत होते, बघ, पोरगी कशी कामाची आहे. बाहेर येऊन ती म्हणाली, "काका, इतकी जपलेली मी दुसरी पाहिली नाही." ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदा बघितलं.

मग ती मागे गेली. उजव्या पंखाला फीत लावली. कागद बघितला. पुन्हा फीत लावली. डाव्याला लावली. ठोक्या बाजूला उभा राहून बघत होता. दाराबाहेर रविवारची मंडळी उभी होती.

"काका, हे पंख बदललेत का कधी?"

"बदलले नाहीत," हे म्हणाले. "दुरुस्त केलेत. एकावरून दुसरा, हुबेहूब. तुम्ही दोन्ही जुळवून बघा."

"दोन्ही एकमेकांशी जुळतात. अगदी तंतोतंत. पण कागदाशी नाही जुळत. चार बोटं उंच आहेत. आणि तेवढेच मागे आलेत."

"कागद चुकीचा असेल," चष्मेवाले बाहेरून म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "मिस्त्री कोण?" तिने विचारलं.

ठोक्या पुढे झाला. तिने नुसतं विचारलं, कसे करता. आरोप काहीच नव्हता. तो खुशीत सांगायला लागला. "सोपं आहे ताई. चांगल्या पंखावर कागद लावायचा, कोळशाने छाप घ्यायचा, फर्मा कापायचा. फर्म्यावरून पत्रा कापताना मात्र कडेला दोन सूत जास्त ठेवायचं. सूत म्हणजे एवढंसं, इंचाचा आठवा भाग. कानशीने घासायला लागतं ना, त्यासाठी. कमी पडलं तर पत्रा काही ताणता येत नाही."

"आणि मग घासून काढायचं."

"मग घासून..." ठोक्या थांबला. दोन्ही पंखांकडे बघितलं. "कधी काढायचो. कधी राहू द्यायचो. छान दिसायचं. टोकाला जरा उठाव यायचा. आणि दाजी म्हणायचे, असाच राहू दे."

"मी कधी म्हणालो?" हे म्हणाले.

"दरवेळी म्हणालात."

"आणि जुन्या पंखाचं काय?" तपासनीस म्हणाली. "तो तर बुटका राहत असेल."

"त्यालाही मग टोकाला पट्टी जोडायचो. जोडीला जोड. दोन्ही सारखे नकोत का?" ठोक्याचा आवाज बारीक झाला. "आणि पुढच्या वेळी छाप त्याच्यावरूनच घेतला."

आता ते सगळ्यांच्याच डोक्यात शिरलं. प्रत्येक दुरुस्तीला दोन सूत, आणि पंख जितके वाढले तितके जास्त आपटायला लागले, म्हणून आणखी दुरुस्त्या, म्हणून आणखी सूत. चौकट तर तीच होती.

"मी म्हणत होते, गाडी वाढते," मी म्हणाले.

पोस्टमन खोकले. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तपासनिसाने सगळं नीट सांगितलं. या पंखांसह गाडी घेता येणार नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या एका मोडक्या गाडीचे मूळ पंख आहेत, ते बसवले तर आनंदाने नेऊ. काढायचे आणि बसवायचे काम त्यांची माणसं करतील. "घाई नाही काका, विचार करून कळवा," असं म्हणून तिने हातमोजे काढले. जाताना मला म्हणाली, "काकू, खरं सांगू? तुमचे जास्त सुंदर आहेत. पण माझं काम मापाचं आहे."

ती गेली. मंडळी गेली. ठोक्या कोणाकडे न बघता सायकल घेऊन गेला. हे दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "कोणी करवत लावून दाखवावी माझ्या गाडीला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? राहील इथेच. चल वर, संध्याकाळ झाली."

मी जिन्याकडे बघितलं. उतरताना बसून उतरले होते, चढताना बसून चढता येत नाही. आणि तेवढ्यासाठीच नाही. मी थकले होते. गुडघ्यांनी थकले होते हे खरं, पण त्याहून जुनं काहीतरी थकलं होतं. मी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. मागची सीट दिवाणाएवढी आहे. पाय वर घेतले, शाल ओढली.

"हे काय?" हे म्हणाले.

"राहते इथेच. गाडी राहणार आहे ना, मग मीही राहते. खोली तिची आहे, मी भाडेकरू."

"वर चल म्हणतोय ना."

"लिफ्ट आली की येते."

हे मग वर गेले. थोड्या वेळाने उशी आणि गोधडी घेऊन खाली आले. गाडीच्या खिडकीतून आत दिली, जशी रेल्वेच्या डब्यात देतात.

तशी मी राहायला लागले. भांडण असं काही नव्हतं. मला खरंच आराम होता. नळ जवळ, अंगण जवळ, दुपारी दार उघडं ठेवलं की रस्ता दिसायचा. स्वयंपाकघर मात्र वर होतं. सकाळी चहा हे वरून आणायचे. पहिल्या दिवशी कपात कमी आणि बशीत जास्त. मग जेवणाचं ताट. करपलेलं. मग पाणी विसरलं म्हणून पुन्हा वर. मग मीठ. मग औषधाची गोळी. मी मुद्दाम काही मागत नव्हते, पण एका माणसाला दिवसभरात वरून किती गोष्टी लागतात ते ह्यांना ठाऊक नव्हतं. मी सीटवर पडून ऐकायची. उतरताना पावलं बरी पडायची. चढताना मधेच थांबायची.

एका दुपारी हे ताट घेऊन आले आणि तिथेच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. ताट मांडीवर.

"हा जिना एवढा उभा कोणी बांधला?" हे म्हणाले.

"वखारवाल्याने. त्याच्या बायकोला विचारून बांधला नसणार."

हे हसले नाहीत, पण ताट माझ्याकडे द्यायच्या आधी स्वतःच एक घास खाल्ला. पंखांकडे बघत होते. "एकदाही लक्षात आलं नाही गं. रोज पुसतो मी ते. रोज."

"रोज बघितलं की नाही येत लक्षात. माझे गुडघे तरी कुठे आले?"

ह्यांनी ताट माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी ठोक्या आला. तपासणीनंतर पहिल्यांदाच. सायकलच्या मागे हत्यारांची पेटी. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "दाजी, पंख काढतो."

"मी बोलावलं नाही तुला."

"माहीत आहे. पण काढायचेच असतील तर परकी माणसं येऊन करवत लावणार. त्यापेक्षा मी टाका टाका उसवून काढतो. माझे टाके कुठे आहेत ते मला माहीत आहे." मग म्हणाला, "ताई गाडीत झोपते, हे गल्लीत मला सगळे विचारतात. डेंटरच्या बहिणीला घर नाही का म्हणून."

"तुझी अब्रू गेली म्हणून आलास होय," मी आतून म्हणाले.

"तू गप्प पड. गाडीत राहतेस त्याचं भाडं दे आधी."

हे उठले. मला वाटलं, दार लावून घेतात. त्यांनी कोपऱ्यातलं जाड फडकं घेतलं, डाव्या पंखाशी गेले आणि पत्रा दोन्ही हातांनी धरला. "सुरू कर," म्हणाले. "मी धरतो. तुझा हात हलतो."

दिवसभर चाललं. आधी रंग खरवडला. सायीचा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुट्टी, त्याखाली पुन्हा हिरवा जरा वेगळा. पट्टीला पट्टी जोडलेली. ठोक्या प्रत्येक जोडाशी थांबायचा. "हा टेम्पोवाला. हा विजेचा खांब. ही तुमची चौकट, दाजी. ही पण तुमची चौकट." हे म्हणाले, "पुढे चल." दुपारनंतर डावा सुटला, मग उजवा. उजव्याच्या बुडाशी एक अरुंद तुकडा राहिला होता, जाड पत्र्याचा, आत कारखान्याचा मूळ रंग. तिथून मूळ कड कुठे वळत होती ते दिसत होतं.

ह्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग बोट हवेतच पुढे नेऊन पूर्ण आकार काढून बघितला. बराच खाली संपला.

"एवढेसेच होते?" हे म्हणाले.

"एवढेच असणार," ठोक्या म्हणाला.

"हॉटेलच्या दारात उभी असायची तेव्हा मला केवढे वाटायचे." हे मागे सरकले आणि स्टुलावर बसले. "म्हणजे मी इतकी वर्षं बघत होतो ते सगळं तुझंच."

ठोक्याने पंख एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पत्रा तुमच्या गाडीचाच आहे, दाजी," म्हणाला.

संग्रहालयाची माणसं आली, त्यांचे पंख बसवले, रंग जुळवला. लांब ट्रकवर गाडी चढवली. लेकीला भीती होती की बाबा ऐनवेळी मोडता घालतील. चष्मेवाले रडले, पोस्टमन रडले. हे दाराशी कमरेवर हात ठेवून उभे होते. गाडी ट्रकवर मागून दिसत होती, बुटक्या पंखांची, नीटस, कोणाचीही असावी तशी.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"कशाचं? ती आपली कुठे आहे," हे म्हणाले आणि आत आले. पाटीवर नाव कसं लिहायचं ते विचारायला तपासनिसाचा फोन आला, तर म्हणाले, "काहीही लिहा."

आता माझा पलंग खाली आहे. डोकं अंगणाकडे, पाय दाराकडे, मी मनात लावला होता तसा. कोपऱ्यात एक शेगडी आली. हेही खालीच झोपतात. वर कोणी जात नाही, वर धूळ साचत असेल, पण ती दिसत नाही. मला वाटलं होतं खोली मिळाली की हलकं वाटेल. खोली मिळाली एवढंच. माणूस म्हातारपणी थकतो तो खोली बदलल्याने काही कमी थकत नाही. दार आता बोटाने ढकललं तरी लागतं. तरी संध्याकाळी हे जाऊन दोरी बांधतात.

जुने पंख भंगारात द्यायचे नाहीत, एवढी एक गोष्ट ह्यांनी मागून घेतली होती. ठोक्या संध्याकाळी येतो, पंख मधे ठेवून दोघं बसतात आणि कुठला जोड आधीचा आणि कुठला नंतरचा यावर वाद घालतात. रविवारी बाकीचे येतात आणि तोच वाद मोठ्याने होतो. चहा आता हे करतात.

मागच्या आठवड्यात ठोक्याने ड्रिल आणलं आणि न विचारता डावा पंख माझ्या पलंगाशेजारी भिंतीला आडवा पक्का केला, धरून उठायला. कड गोल करून घेतली आहे, हाताला लागत नाही. वजन टाकलं तरी हलत नाही, जिन्याच्या कठड्यासारखा नाही. पण हात जरा जास्तच वर न्यावा लागतो.

"थोडा उंच बसलाय रे," मी म्हणाले.

"असू दे, ताई," तो म्हणाला. "दोन सूतच आहे. खाली काय, कधीही घेता येईल."